बैठकींतलें बळ कोठें गळतें?

एखाद्या कामाला भिडणाऱ्या माणसाविषयीं आपण म्हणतों, कीं त्यानें कंबर कसली आणि पाय रोवले. निवडणुकीच्या उमेदवारापासून परीक्षेच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणालाही हे शब्द आपण आतां लावतों. परंतु ज्यांनीं ते प्रथम वापरले त्यांना खरोखरीचें ओझें उचलावयाचें असलें पाहिजे. धान्याच्या बाजारांत हमालाकडे घटकाभर पाहिलें म्हणजे याची खात्री पटते. पोत्याखालीं जाण्यापूर्वीं तो कमरेचें कापड घट्ट आवळतो, पाय जरा फांकवून तळवे जमिनीवर नीट बसवतो, श्वास भरून क्षणभर कोंडतो, आणि मग उठतो. पूर्वीं शंभर शंभर किलोंचीं पोतीं याच रीतीनें पाठीवर चढत.

श्रोतेहो, आज मला बैठकीविषयीं बोलावयाचें आहे. गाण्याच्या नव्हे आणि दिवाणखान्यांतल्याही नव्हे. जोर-बैठकांतल्या बैठकीविषयीं, आणि विशेषतः खांद्यांवर लोखंडी दांडा घेऊन काढलेल्या बैठकीविषयीं, जिला आजच्या व्यायामशाळांतून स्क्वॉट म्हणतात. आपल्या घरांतले तरुण, आणि अलीकडे तरुणीही, जेथें सकाळसंध्याकाळ जातात तेथें हा व्यायाम मुख्य मानला जातो, आणि ‘वजन वाढत नाहीं’ ही तेथली नेहमींची तक्रार असते. मांड्या कमी पडतात असें समजून माणूस मांड्यांनाच आणखी राबवितो. माझें म्हणणें असें, कीं पुष्कळदां मांड्यांत बळ असतें, पण तें दांड्यापर्यंत पोंचत नाहीं. तें वाटेंत दोन ठिकाणीं गळतें: एक तळव्याखालीं, आणि दुसरें बरगड्या व कटि यांच्या मधल्या भागांत. हें मी पुस्तकांतून शिकलों असतों तर स्वस्तांत पडलें असतें.

माझें लहानपण सातारा जिल्ह्यांत गेलें. तेथल्या तालमींत अनवाणी पायांनीं बैठका काढल्या. शंभर, दोनशें, कधीं ईर्षेनें पांचशेंही. पुढें नोकरीच्या निमित्तानें पुण्यास आलों, खुर्चीवर बसलों, आणि वीस वर्षें बसूनच राहिलों. चाळिशी उलटल्यावर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली. पलंगावरून खुर्चींत, खुर्चींतून न्हाणीघरांत आणि परत, असें दिवसांतून पांच-सहा वेळां त्यांना उचलावें लागे. त्यांचें वजन ६८ किलो होतें. आपल्या अंगांत जोर उरला नाहीं हें माझ्या ध्यानांत आलें आणि मीं घराजवळच्या एका व्यायामशाळेंत नांव घातलें. सकाळीं फिरावयास जातांना घालीत असें तेच बूट पायांत. जाड, मऊ, स्पंजासारख्या तळाचे. तीन महिन्यांत ८० किलोंपर्यंत आलों. त्या वजनाला खालून उठतांना माझी पाठ पुढें झुके, उजवी टांच जरा उचले आणि सारें शरीर डावीकडे सरके. हें मला समोरच्या आरशांत दिसत होतें. शिकविणाऱ्यानें कमरेचा पट्टा आणखी आवळावयास सांगितलें. मीं आवळला. पुढल्याच आठवड्यांत पांचव्या बैठकीला कमरेंत असें कांहीं लचकलें, कीं दांडा कसाबसा जागेवर ठेवला आणि मी तेथेंच खालीं बसलों.

सहा आठवडे वडिलांना उचलावयास शेजारचा मुलगा येई. वडिलांची वाचा अडखळत असे. एके दिवशीं त्यांनीं मला जवळ बोलावून विचारलें, “मी फार जड झालों काय रे?” त्या प्रश्नाला मला उत्तर देतां आलें नाहीं.

मग ज्या बाईंकडे व्यायामोपचारासाठीं गेलों, त्यांनीं प्रथम माझ्या कमरेला हातही लावला नाहीं. त्यांनीं मला अनवाणी करून भिंतीसमोर उभें केलें. पाऊल भिंतीकडे सरळ ठेवावयाचें, टांच न उचलतां गुडघा वांकवून भिंतीला टेकवावयाचा, टेकला कीं पाऊल थोडें मागें घ्यावयाचें, आणि पुन्हां टेकवून पाहावयाचें. अंगठ्याचें टोंक भिंतीपासून दहा-एक सेंटिमीटर अंतरावर असतांना गुडघा टेकला, तर घोटा पुरेसा लवचीक समजतात. माझा डावा नऊ सेंटिमीटरांवरून टेकला. उजवा चारांवर अडला. शाळेंत असतांना कबड्डींत तो मुरगळला होता, आणि ‘आपोआप बरा झाला’ म्हणून मीं सोडून दिला होता. तीस वर्षांपूर्वींच्या त्या घोट्याचें देणें माझी कंबर फेडीत होती.

घोट्याचा आणि कमरेचा हा संबंध समजावयास गवंड्याचा ओळंबा डोळ्यांपुढें आणावा. दांडा आणि शरीर मिळून जें वजन होतें, त्याचा ओळंबा पावलाच्या मध्याजवळ पडला पाहिजे. तो टांचेच्या मागें गेला तर माणूस मागें कलंडेल, चवड्यापुढें गेला तर तोंडघशीं पडेल. खालीं बसतांना कुल्ले मागें जातात. त्यांचा तोल सांभाळण्यास गुडघ्यांनीं पुढें यावें लागतें, आणि गुडघा पुढें यावयाचा तर नडगीला घोट्यावर कलावें लागतें. ज्याचा घोटा कलत नाहीं त्याला दोनच वाटा उरतात: टांच उचलावी, किंवा धड फार पुढें झुकवावें. टांच उचलली कीं आधार चवड्यापुरता उरतो. धड झुकलें कीं खांद्यांवरचें वजन कमरेपासून दूर जातें, आणि लांब दांडीच्या टोंकाला बांधलेल्या घागरीप्रमाणें त्याच वजनाचा ताण कितीतरी वाढतो. ज्यांच्या मांडीचें हाड लांब असतें त्यांना मुळांतच अधिक झुकावें लागतें. अशांनीं आंखूड मांडीच्या मित्राची बैठक पाहून खट्टू होऊं नये.

बैठकींत गुडघा पायाच्या बोटांपुढें जाऊंच देऊं नये, असा एक नियम अजूनही पुष्कळांच्या तोंडीं आहे. २००३ सालीं अमेरिकेंत फ्राय व त्यांचे सहकारी यांनीं हा नियम मोजमापास लावला. सात जणांना त्यांनीं एकदां मोकळेपणानें आणि एकदां गुडघ्यांपुढें फळी आडवी धरून बैठका काढावयास लावल्या. फळीमुळें गुडघ्याच्या सांध्यावरचा पीळ १५० न्यूटन-मीटरांवरून ११७ वर आला. परंतु खुब्याच्या सांध्यावरचा २८ वरून ३०२ वर गेला. गुडघ्याचा पांचवा हिस्सा वांचविण्यासाठीं खुब्यावर दहापट लादलें गेलें, आणि इतकें झुकलेलें धड सांवरण्याची जबाबदारी पाठीवर पडली. खोल बैठकीनें गुडघ्याचे बंध सैल होतात अशी भीति टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनीं १९६१ सालीं घातली होती. तीही पुढल्या संशोधनांत टिकली नाहीं. निरोगी गुडघ्यानें पुढें यावें. टांच मात्र जमिनीवर राहावी.

आतां कोणी विचारील, आपल्या तालमींतल्या बैठकींत तर टांच उचललेलीच असते, मग आपले वस्ताद चुकले काय? मुळींच नाहीं. तालमींतली बैठक स्वतःच्याच वजनाची, हातांच्या झोल्याबरोबर, शेंकड्यांनीं काढावयाची. तिचा हेतु कुस्तीसाठीं दमसास आणि पायांची चपळाई कमावणें हा. खांद्यांवर शंभर किलो घेऊन चवड्यांवर नाचावें असें कोणत्याही वस्तादानें सांगितलेलें नाहीं. पश्चिमेकडेही विसाव्या शतकाच्या आरंभीं चवड्यांवरची, हलक्या वजनाची बैठकच रूढ होती. ती मोडली ती हेन्री स्टाइनबोर्न नांवाच्या एका जर्मन मल्लानें. लोक त्याला मिलो म्हणत. पहिल्या महायुद्धांत तो ऑस्ट्रेलियांत स्थानबद्ध होता. १९२१ सालीं अमेरिकेस आला, आणि टांचा टेकवून जड वजनाची खोल बैठक कशी काढावी हें त्यानें तेथल्या व्यायामपटूंस दाखविलें. त्या वेळीं दांडा ठेवावयाचे स्टँड सर्रास नव्हते. तो दांड्याचें एक टोंक जमिनीवर टेकवून दांडा उभा करी, त्याच्याखालीं वांकून तो खांद्यांवर आडवा घेई, आणि त्या बसक्या स्थितींतूनच उठे. असें तो पांचशें पौंडांहून अधिक वजनाचें करी. आपण कोणी हा प्रयोग घरीं करूं नये.

टांच टेकलीच पाहिजे असें ठरल्यावर, ज्याची टांच टेकत नाहीं त्याच्यासाठीं जमीनच थोडी वर आणावी, ही कल्पना ओघानेंच येते. वजन उचलण्याच्या स्पर्धांत पूर्वीं बरेच जण एक पाय पुढें, एक मागें टाकून वजनाखालीं जात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत वजन खोल बसून झेलण्याची रीत बळावली, आणि तिच्याबरोबर उंच टांचेचा बूट स्थिरावला. त्याची टांच चवड्याहून साधारण दोन सेंटिमीटर उंच असते. पूर्वीं ती लाकडाची किंवा चामड्याच्या थरांची असे, आज बहुधा कठीण प्लॅस्टिकची असते. दोन सेंटिमीटर म्हणजे विशेष कांहीं नाहीं असें वाटेल; पण पावलाच्या लांबीचा हिशेब केला तर घोट्याला त्यानें पांच-सहा अंशांची सवलत मिळते, आणि अडलेल्या घोट्याला तेवढीच हवी असते. २०२१ च्या एप्रिलमध्यें ताश्कंद येथें मीराबाई चानू हिनें ४९ किलोंच्या वजनगटांत, क्लीन अँड जर्क या प्रकारांत ११९ किलो उचलून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट दांडा असा खोल बसून छातीवर झेलावयाचा आणि टांचा न हलवितां उठावयाचें, यांत बुटाचा वांटा लहान असेल, पण तो आहे. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत ५५ किलो गटांत २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविणाऱ्या आमच्या सांगलीच्या संकेत सरगराविषयींही हेंच म्हणतां येईल.

उंचीपेक्षांही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळाचा कठीणपणा. धांवण्याचा बूट धक्का शोषून घेण्यासाठीं केलेला असतो, आणि तें काम तो चोख करतो. पण बैठकींत तुम्हांला धक्का शोषावयाचा नसतो. जमिनीला रेटा द्यावयाचा असतो. गादीवर उभें राहून पाण्यानें भरलेला हंडा उचलून पाहा, म्हणजे मी काय म्हणतों तें कळेल. तळवा प्रथम खालीं दबतो, मग आंत किंवा बाहेर कलतो, त्याच्यामागोमाग गुडघा कलतो, आणि पायांतलें बळ वजन उचलण्याऐवजीं तोल सांवरण्यांत खर्चीं पडतें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत धांवण्याच्या बुटांऐवजीं वजनाचे बूट घालतांच धडाचें झुकणें कमी झालेलें आढळलें. फरक बेताचाच होता. बूट बदलल्यानें एका रात्रींत वीस किलो वाढतील असें जो दुकानदार सांगेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडावें.

मग घ्यावें काय? शाळेंत कवायतीला मुलें घालतात ते सपाट रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट बहुतेकांना पुरतात, आणि त्यांना फारसा पैसाही पडत नाहीं. घरीं व्यायाम करणाऱ्यानें अनवाणी राहावें. घोटा अडत असेल तर टांचांखालीं दोन सेंटिमीटर जाडीची फळी घ्यावी. वजनाचा खास बूट वर्षभर नियमानें व्यायाम झाल्यावर आणि गरज पटल्यावर विकत घ्यावा. उंच टांचेनें भार कमरेकडून गुडघ्याकडे सरकतो. तेव्हां ज्यांच्या गुडघ्याची वाटी दुखते त्यांना ती मानवेलच असें नाहीं. तसेंच जे दांडा पाठीवर जरा खालीं धरून, कुल्ले पुष्कळ मागें नेऊन बैठक काढतात, त्यांना सपाट तळच बरा पडतो. आमच्याकडे कोणी कोल्हापुरी वहाणेचें नांव काढील. तिचा तळ सपाट आणि कठीण, या कामाला नामी. परंतु ती पायाला बांधलेली नसते. माझ्या एका मित्रानें हा प्रयोग केला आणि पहिल्याच दिवशीं अंगठा तुटला, वहाणेचा, सुदैवानें.

फळी असो कीं बूट, ती कुबडी आहे हें विसरूं नये. तिच्या आधारानें चालत असतां घोटाही मोकळा करीत राहिलें पाहिजे. त्याला आपल्या घरांतला सर्वांत जुना उपाय म्हणजे उकिडवें बसणें. आपल्या आज्या उकिडव्या बसून भांडीं घांशीत, भाजी चिरीत, तासतासभर गप्पा मारीत. त्यांचे तळवे पूर्ण टेकलेले असत. जेवणाचें टेबल आलें, उंच ओटा आला, कमोड आला. या सोयी नकोत असें मी म्हणत नाहीं, म्हाताऱ्यांना तर त्या पाहिजेतच. पण त्यांच्याबरोबर घोट्याची ती नित्याची तालीम गेली. मी रोज दोन वेळां दाराची चौकट हातांनीं धरून दोन दोन मिनिटें उकिडवा बसूं लागलों. प्रथम टांच बोटभर वर राही. चार महिन्यांनीं टेकली. उजवा घोटा आज भिंतीच्या परीक्षेंत सात सेंटिमीटरांवर आहे, आणि आतां याहून पुढें तो जाईल असें मला वाटत नाहीं.

हें झालें पायांखालचें. आतां कमरेकडे वळूं.

व्यायामशाळेंत ज्याला ‘कोअर’ म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळ तरुण पोटावरच्या सहा वड्या असा करतात, आणि त्या दिसाव्या म्हणून पाठ जमिनीवर आपटीत शेंकडों उठाबशा काढतात. बैठकीला हवी असलेली कंबर निराळी. बरगड्यांखालीं श्वासपटल, तळाला ओटीपोटाचे स्नायु, पुढें आणि बाजूंना पोटाचे स्नायूंचे थर, मागें पाठीचा कणा. अशी ती एक बंद नळी आहे. मांड्या जो रेटा वर पाठवितात तो या नळींतून खांद्यांवरच्या दांड्याला जातो. दोरीनें ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. तशीच, नळी ढिली असेल तर मांड्यांनीं कितीही ढकललें तरी कंबर मध्यें वांकते आणि दांडा जागीं राहतो. हवा भरलेली सायकलची ट्यूब उभी राहते, रिकामी लोळते. पोटांत ही हवा कशी भरावी एवढाच प्रश्न.

त्याची रीत अशी. दोन्ही हातांचीं बोटें बरगड्यांखालीं, कुशींत खुपसून ठेवावीं आणि एकदां खोंकावें. बोटांखालीं जें कठीण होतें, तेंच आपल्याला हवें. आतां न खोंकतां तें कठीण करावें: श्वास छातींत न घेतां खालीं, कुशींत आणि पाठीकडे भरावा, आणि कोणी पोटांत गुद्दा मारणार आहे अशा थाटानें चारी बाजू आवळाव्या. पोट आंत खेंचूं नये. तें घट्ट करावें. दांडा घेऊन बसतांना हा श्वास कोंडून ठेवावा, उठतांना अवघड टप्पा ओलांडला कीं हळूहळू सोडावा. श्वासमार्ग बंद ठेवून आंतून जोर करण्याच्या या क्रियेस अंतोनिओ मारिया वाल्साल्वा या इटालियन वैद्याचें नांव आहे. त्यानें ती १७०४ सालीं कानाविषयींच्या ग्रंथांत, कानांतला पू काढून टाकण्याच्या संदर्भांत वर्णिली होती! पट्ट्याचाही उपयोग येथेंच आहे. स्पर्धांतून वापरतात तो दहा सेंटिमीटर रुंदीचा चामडी पट्टा कमरेला धरून ठेवतो अशी समजूत असते. खरें पाहतां फुगविलेल्या पोटाला दाबावयास तो एक भिंत पुरवितो. पोट आंत ओढून पट्टा आवळणारा माणूस, म्हणजे त्या दिवशींचा मी, रिकाम्या नळीला बाहेरून दोरी गुंडाळीत असतो.

येथें एक इशारा दिल्याखेरीज मला पुढें जातां येत नाहीं. १९८५ सालीं कॅनडांत मॅकडूगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कसलेल्या व्यायामपटूंच्या धमनींत नळी घालून, ते पायांनीं जड वजन ढकलीत असतांना रक्तदाब मोजला. सरासरी ३२० वर २५० भरली. एकाचा ४८० वर ३५० च्याही पलीकडे गेला. निरोगी तरुणाला तो क्षणभराचा ताण सोसतो. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे त्यांनीं, आणि गरोदर स्त्रियांनीं, वैद्याला विचारल्याखेरीज श्वास कोंडूं नये. हलकें वजन घेऊन, उठतांना श्वास सोडीत बैठक काढली तरी त्यांचें काम भागतें.

कमरेच्या व्यायामांविषयीं कॅनडांतल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्गिल यांनीं आयुष्यभर काम केलें आहे. पाठ वारंवार वांकविण्यापेक्षां ती न वांकूं देण्याची चिवटी वाढवावी, असा त्यांच्या सांगण्याचा रोंख. त्यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत. पहिल्यांत उताणें निजून एक गुडघा उभा ठेवावयाचा, हात कमरेच्या कमानीखालीं घ्यावयाचे, आणि फक्त डोकें व खांदे किंचित् उचलावयाचे. दुसऱ्यांत कुशीवर होऊन कोंपर व पाय यांच्या आधारानें शरीर फळीसारखें उचलावयाचें. तिसऱ्यांत रांगत्या मुलासारखें ओणवें होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करावयाचा. प्रत्येक वेळीं दहा सेकंदांहून अधिक नाहीं. मी पांच वेळां, मग तीन, मग एक, अशा उतरत्या क्रमानें करतों. साऱ्याला पंधरा मिनिटें लागतात. दिसावयास हे व्यायाम इतके क्षुल्लक कीं माझी मुलगी हंसत असे. तिला कुशीवरचा व्यायाम एकदां करावयास लावला. सातव्या सेकंदाला ती गप्प झाली.

चौथा माझ्या घरचा आहे. पंधरा लिटरची बादली पाण्यानें भरावी, एका हातांत घ्यावी, आणि बादलीच्या बाजूला न कलतां व दुसऱ्या बाजूलाही न झुकतां सरळ चालावें. दिवाणखान्यापासून गच्चीपर्यंत एका हातांत, परत येतांना दुसऱ्या. झाडांना पाणीही मिळतें. पाणी सांडलें तर समजावें, कीं कंबर हललेली आहे.

दुखापतीनंतर तिसऱ्या महिन्यांत मीं पुन्हां दांड्याला हात लावला. नुसता दांडा, २० किलोंचा, टांचांखालीं फळी. आठवड्यास अडीच किलोंहून अधिक वाढवावयाचे नाहींत असा नेम केला. शेजारीं विशीचे तरुण शंभर किलो घेत असतां आपण चाळीसावर असणें जरा लाजिरवाणें वाटे, हें कबूल करतों. ८० वर परत येण्यास दुखापतीपासून नऊ महिने लागले. पण या खेपेस आरशांत टांच उचललेली दिसली नाहीं, आणि डावीकडचें सरकणें जवळजवळ गेलें होतें. मांड्या त्याच होत्या. त्यांच्यासाठीं वेगळा असा एकही व्यायाम मीं केला नव्हता.

मध्यंतरीं वडिलांना उचलण्याचीही रीत बदलली होती. पूर्वीं मी न्हाणीघराच्या ओलसर फरशीवर रबरी स्लिपर घालून, दूर उभा राहून, पाठ वांकवून त्यांना ओढीत असें. आतां स्लिपर दाराबाहेर राहूं लागल्या. फरशी पुसून घ्यावयाची, अनवाणी पाय त्यांच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना रोवावयाचे, त्यांची छाती माझ्या छातीशीं येईपर्यंत खालीं बसावयाचें, श्वास भरावयाचा, आणि त्यांना सांगून, त्यांच्या चांगल्या पायाचा जोर घेत, उठावयाचें. ज्या दिवशीं मीं त्यांना प्रथम एकट्यानें असें खुर्चींत घेतलें, त्या दिवशीं बसल्यावर त्यांनीं स्वतःकडे पाहिलें आणि विचारलें, “वजन उतरलें कीं काय माझें?” वस्तुतः तें तीन किलोंनीं वाढलें होतें. मी कांहीं बोललों नाहीं. पुढें दोन वर्षें ते होते, आणि शेजारच्या मुलाला पुन्हां बोलवावें लागलें नाहीं.

फळीचें माप कांहीं श्रोते विचारतील म्हणून सांगून ठेवतों. लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही टांचा खांद्याइतक्या अंतरावर एकाच फळीवर मावतात. रुंदी १२, जाडी २. साग लागत नाहीं, कोणतेंही न वांकणारें लाकूड चालेल. पुढली कड सुताराकडून तासून उतरती करून घ्यावी, म्हणजे ती तळव्याला रुतत नाहीं, आणि खालच्या बाजूस सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवावे, म्हणजे ती फरशीवर सरकत नाहीं.